पिक्रॉस: चूक कोणी सांगायची?

दहा घरांची एक आडवी ओळ आहे आणि तिच्या डाव्या कडेला फक्त ८ हा आकडा लिहिलेला आहे. या ओळीतली सलग आठ घरे काळी करायची आहेत. कोणती आठ, ते सांगितलेले नाही. तरीही पहिले पाऊल टाकता येते. आठ घरांचा पट्टा मनातल्या मनात डावीकडे पूर्ण सरकवावा, मग उजवीकडे पूर्ण सरकवावा. तिसऱ्यापासून आठव्यापर्यंतची सहा घरे दोन्ही वेळा पट्ट्याखालीच राहतात, म्हणजे ती काळी असणारच. ही सहा घरे भरली की त्यांना छेदून जाणाऱ्या सहा उभ्या ओळींना एकेक धागा मिळतो, त्या धाग्यावरून त्या ओळींत आणखी काही ठरते, ते परत आडव्या ओळींच्या उपयोगी पडते, आणि असे मागे-पुढे करत अखेरीस जाळीतून एखादी किटली, मासा किंवा छत्री वर येते. पिक्रॉस या नावाने निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या, हातात धरून खेळायच्या कन्सोलवर १९९५ पासून निघत आलेले सगळे खेळ याच एका युक्तिवादावर उभे आहेत. गेली काही वर्षे मी ते सातत्याने खेळत आलो आहे, आणि या मालिकेत कोणता भाग घ्यावा, कोणता टाळावा आणि तो कसा खेळावा, याविषयी माझी काही ठाम मते बनली आहेत.

कोड्याचा जन्म खेळयंत्राच्या आधीचा आणि मोठा गमतीचा आहे. नोन इशिदा या जपानी चित्रसंपादिकेने १९८७ मध्ये टोकियोतली एक स्पर्धा जिंकली, ती उंच इमारतीच्या खिडक्यांतले दिवे लावून आणि मालवून चित्र तयार करण्याची होती. खिडक्यांच्या जाळीवरून त्यांना कोड्याची कल्पना सुचली आणि पुढच्या वर्षी त्यांनी अशी तीन कोडी छापली. नेमक्या त्याच सुमारास तेत्सुया निशिओ या व्यावसायिक कोडेकाराने स्वतंत्रपणे तेच कोडे शोधून काढले होते. १९९० मध्ये इंग्लंडमधील जेम्स डॅलजेटी यांनी इशिदांच्या पहिल्या नावावरून 'नॉनोग्राम' हा शब्द घडवला आणि तिथल्या 'संडे टेलिग्राफ' या वृत्तपत्रात ही कोडी नियमित येऊ लागली. जपानमध्ये मात्र 'ओएकाकी लॉजिक', म्हणजे चित्र काढण्याचे तर्ककोडे, अशा नावांनी ती मासिकांत रुजली. निन्टेन्डोने 'पिक्चर' आणि 'क्रॉसवर्ड' हे दोन शब्द जोडून 'पिक्रॉस' केले. आपल्याकडे वर्तमानपत्रांतून सुडोकू घरोघरी पोहोचले, तसे हे कोडे पोहोचले नाही. ते का, हे मला न उलगडलेले कोडे आहे, कारण ठिपके मोजून रांगोळी काढणाऱ्या माणसाला या खेळाचा अर्धा भाग आधीच येत असतो.

कागदावरच्या कोड्यात आणि यंत्रावरच्या कोड्यात एक मूलभूत फरक आहे. कागद गप्प असतो. पाचव्या ओळीत चुकून एक घर जास्त काळे झाले तर ते विसाव्या मिनिटाला, दोन आकडे एकमेकांशी भांडू लागल्यावर कळते, आणि मग खोडरबर घेऊन कुठवर मागे जायचे हेही समजत नाही. यंत्राला उत्तर ठाऊक असते, म्हणून ते तत्क्षणी सांगू शकते. सांगावे की नाही, आणि सांगितले तर त्याची किंमत काय घ्यावी, या एका प्रश्नाची वेगवेगळी उत्तरे म्हणजेच या मालिकेचा इतिहास आहे, असे माझे मत आहे. चित्रे, संगीत, पात्रे हा सगळा वरचा मुलामा आहे.

पहिला खेळ 'मारिओज पिक्रॉस', गेम बॉय या हातातल्या यंत्रासाठी मार्च १९९५ मध्ये जपानमध्ये आला. तो निन्टेन्डोसाठी एप आणि ज्युपिटर या कंपन्यांनी केला होता. त्यांपैकी क्योतोची ज्युपिटर ही मालिका आजही चालवते आहे. निन्टेन्डोच्या खेळांतला प्रसिद्ध नायक मारिओ यात पुरातत्त्वज्ञाच्या वेषात असून दगडावर छिन्नी-हातोडा चालवून चित्र कोरतो. प्रत्येक कोड्याला तीस मिनिटे मिळतात. चुकीच्या घरावर छिन्नी मारली की यंत्र लगेच सांगते, आणि त्या सांगण्याचे शुल्क वेळेतून कापून घेते: पहिल्या चुकीला दोन मिनिटे, दुसऱ्या चुकीला चार, आणि तिसऱ्या चुकीपासून प्रत्येकी आठ. हे शुल्क अतिशय हुशारीने ठरवलेले आहे. पहिली चूक हात घसरल्याची म्हणून जवळजवळ माफ, दुसरी ताकीद, आणि तिसरीनंतर खेळाडू तर्क सोडून अंदाजाने घरे भरतो आहे असे गृहीत धरून त्याला वेगाने बाहेरचा रस्ता. तरी या पद्धतीत एक पळवाट राहतेच. दोन घरांपैकी एक काळे आहे हे ठाऊक असेल आणि वेळ हाताशी असेल, तर विचार करण्यापेक्षा दोन मिनिटे मोजून उत्तर विकत घेणे सोपे पडते. मी स्वतः ते अनेकदा केले आहे आणि प्रत्येक वेळी पुढचे चित्र बेचव लागले आहे.

ही पळवाट कर्त्यांनाही दिसली असावी. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सुपर फॅमिकॉमसाठी निघालेल्या 'मारिओज सुपर पिक्रॉस'मध्ये कोडी दोन पात्रांकडून मिळतात, मारिओ आणि वारिओ. मारिओच्या बाजूला जुनाच नियम आहे: घड्याळ आहे, चूक सांगितली जाते. वारिओच्या बाजूला घड्याळ नाही आणि चूकही सांगितली जात नाही. चित्र पूर्ण होईपर्यंत यंत्र कागदासारखे गप्प बसते. खलनायकी थाटाच्या वारिओकडे हा कडक नियम सोपवण्यात विनोद आहे, पण खरे पाहता दोघांपैकी प्रामाणिक शिक्षक तोच आहे. त्याच्या कोड्यांत प्रत्येक घर भरण्यापूर्वी 'हे मला कसे कळले?' असे स्वतःला विचारावे लागते, आणि उत्तर देता आले नाही तर हात मागे घ्यावा लागतो. हा खेळ दूरचित्रवाणीला जोडायच्या यंत्रावरचा असल्याने खरे तर या परीक्षणाच्या कक्षेबाहेरचा आहे, परंतु सप्टेंबर २०२० पासून तो निन्टेन्डोच्या स्विच या यंत्रावरच्या 'स्विच ऑनलाइन' सेवेच्या सभासदांना खेळता येतो आणि स्विच हातात धरता येतो, म्हणून त्याची शिफारस बेलाशक करतो. त्यातला मजकूर जपानीच आहे. मात्र आकड्यांना भाषा नसल्याने अर्ध्या तासात सारे अंगवळणी पडते.

जपानमध्ये पिक्रॉस चालला, पण जपानबाहेर 'मारिओज पिक्रॉस' बेताचाच खपला, आणि म्हणून १९९६ चा 'पिक्रॉस २' तिकडे आलाच नाही. बाहेरच्या जगाला ही मालिका पुन्हा नीट भेटली ती २००७ मध्ये, 'पिक्रॉस डीएस'च्या रूपाने. डीएस या निन्टेन्डोच्या हातातल्या यंत्राला स्पर्शपटल आणि लेखणी होती, आणि कागद-पेन्सिलीच्या कोड्याला याहून योग्य यंत्र सापडणे कठीण. यात साधी कोडी चूक सांगतात आणि वेळेचा दंड लावतात, तर 'फ्री' विभागातली कोडी गप्प असतात. म्हणजे मारिओ आणि वारिओ यांचीच वाटणी, नावे बदलून. मोठी जाळी पंचवीस बाय वीस घरांपर्यंत जाते, पण डीएसचा पडदा तेवढी जाळी पेलत नाही. चित्र मोठे करून सरकवत राहावे लागते, आणि उभ्या-आडव्या आकड्यांवर एकाच वेळी नजर ठेवण्याची या खेळाची मूळ गरजच त्यात मोडते. स्वतः कोडी रचून इतरांना पाठवण्याची सोय ही या भागाची खरी श्रीमंती होती. निन्टेन्डोची ती इंटरनेट-सेवा मे २०१४ मध्ये बंद पडल्यावर तो भाग आता मुका झाला आहे.

त्यानंतरची एक वाट मला या सगळ्या मालिकेचे शिखर वाटते, आणि ती ज्युपिटरने केलेली नाही. हॅल लॅबोरेटरीचा 'पिक्रॉस थ्रीडी' २००९ मध्ये जपानमध्ये आणि पुढच्या वर्षी इतरत्र आला. इथे जाळीऐवजी घनांचा एक मोठा ठोकळा मिळतो. घनांच्या पृष्ठांवर आकडे असतात आणि ते त्या रांगेत किती घन शिल्लक राहणार ते सांगतात. बाकीचे हातोडीने फोडायचे. आकड्याभोवती वर्तुळ असेल तर ते घन दोन गटांत विभागलेले असतात, चौकोन असेल तर तीन किंवा अधिक गटांत. सपाट पिक्रॉसमध्ये प्रत्येक ओळीला आकडे असतात, इथे मात्र अनेक रांगांना आकडाच नसतो, आणि माहितीच्या या टंचाईमुळे तर्क वेगळ्याच धाटणीचा होतो. ठोकळा फिरवत, त्याचा एकेक थर सरकवून बाजूला ठेवत, आतल्या घनाविषयी निष्कर्ष काढावा लागतो. पहिल्या 'मारिओज पिक्रॉस'मध्ये छिन्नी ही केवळ सजावट होती. इथे खेळाडू खरोखर मूर्तिकाराचे काम करतो. नको असलेले काढून टाकल्यावर उरते ते शिल्प, ही कल्पना इतक्या सहज एखाद्या खेळाचा नियम झालेली मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

त्याचा दुसरा भाग, 'पिक्रॉस थ्रीडी राउंड २', जपानमध्ये २०१५ मध्ये आणि बाहेर २०१६ मध्ये डीएसनंतरच्या थ्रीडीएस या यंत्रावर आला. त्यात आकड्यांना निळा आणि नारिंगी असे दोन रंग आले. निळे घन चौकोनीच राहतात, नारिंगी घन शेवटी गोलाई किंवा उतार घेतात, आणि कोणता घन कोणत्या रंगाचा हेही तर्काने ठरवायचे असते. पहिल्या भागातल्या ओबडधोबड कुत्र्या-मांजरांच्या तुलनेत इथली शिल्पे खरोखर देखणी झाली आहेत. कोडे सुटत असताना ते अवघडही होत जाते आणि सुंदरही, असा दुहेरी लाभ एकाच नियमातून काढणाऱ्या रचनाकारांना दाद द्यावी तेवढी थोडी आहे. तक्रार करायचीच तर ती हातोडीच्या क्षमाशून्यतेविषयी: फोडलेला घन परत जोडता येत नाही, त्यामुळे चूक सांगण्यावाचून यंत्राला इथे पर्यायच नाही, आणि गप्प बसणाऱ्या वारिओचा आनंद त्रिमितीत मिळू शकत नाही.

थ्रीडीएसवर ज्युपिटरने 'पिक्रॉस ई' या नावाने नऊ भाग काढले, ते केवळ ऑनलाइन विक्रीचे होते. एकामागून एक येणारे हे भाग दिसायला जवळजवळ एकसारखे आहेत, आणि त्यांच्याविषयी स्वतंत्रपणे लिहिण्यासारखे फारसे नाही. लिहायला हवे ते 'पोकेमॉन पिक्रॉस'विषयी. २०१५ च्या डिसेंबरात आलेला हा खेळ सुरुवातीला फुकट मिळत असे, पण घरे भरण्यासाठी लागणारी ऊर्जा संपली की थांबावे लागे किंवा 'पिक्राइट' नावाचे खेळातले चलन वापरावे लागे, आणि ते चलन पैशाने विकत मिळत असे. चुकीचा दंड म्हणून वेळ कापणे मी समजू शकतो, कारण तो दंड तर्काच्या शिस्तीसाठी आहे. इथे मात्र बरोबर भरलेल्या घराचीही किंमत मोजावी लागते. कोड्याची एक लय असते. तीन-चार ओळी पाठोपाठ उलगडू लागतात तेव्हा हात आपोआप चालतो, आणि नेमक्या त्याच वेळी 'आता उद्या या' असे सांगणारा खेळ त्या लयीचा गळा घोटतो. पोकेमॉनच्या चाहत्यांनी तो जरूर पाहिला असेल. पिक्रॉसच्या चाहत्याने त्याच्या वाटेला जाण्याचे कारण मला दिसत नाही.

आता स्विच. 'पिक्रॉस एस' सप्टेंबर २०१७ मध्ये आला आणि त्यानंतर २०२३ पर्यंत या नावाचे नऊ क्रमांकित भाग निघाले. सेगा आणि नामको या कंपन्यांच्या जुन्या खेळांवर आधारलेले स्वतंत्र भाग निघाले ते वेगळेच. पहिल्या भागात तीनशे कोडी आहेत असे सांगितले जाते, पण त्यांतली निम्मी साधी आणि निम्मी 'मेगा पिक्रॉस' आहेत, आणि चित्रे दोन्हीकडे तीच आहेत. हा आकडा वाढवण्याचा सोपा मार्ग म्हणून त्यावर टीका झाली. चित्राच्या दृष्टीने ती टीका रास्त आहे, कोड्याच्या दृष्टीने नाही, कारण मेगा पिक्रॉस हा या मालिकेने सपाट जाळीत घातलेला खरा नवा विचार आहे. यात काही आकडे दोन शेजारच्या ओळींत मिळून पसरलेले असतात: मोठा ७ म्हणजे त्या दोन ओळींत मिळून एकमेकांना चिकटलेली सात घरे, ती वर किती आणि खाली किती, हे तुम्ही शोधायचे. सुरुवातीला सांगितलेली पट्टा सरकवण्याची युक्ती इथे पांगळी पडते आणि गटाच्या आकाराचा विचार करावा लागतो. तेच चित्र मी आधी साध्या रूपात सोडवलेले असूनही मेगा रूपात ते मला ओळखू येत नाही, याचा अनुभव मी वारंवार घेतला आहे.

दुसऱ्या भागापासून 'क्लिप पिक्रॉस' आले, ज्यात एक मोठे चित्र तुकड्यातुकड्यांनी पुरे होते, आणि तिसऱ्यापासून 'कलर पिक्रॉस'. रंगीत कोड्यात एक सूक्ष्म बदल आहे. एकाच रंगाच्या दोन गटांत किमान एक रिकामे घर असावेच लागते, परंतु दोन वेगळ्या रंगांचे गट एकमेकांना खेटून असू शकतात. त्यामुळे ४ आणि ३ या आकड्यांना दहा घरांच्या ओळीत एकरंगी कोड्यात किमान आठ घरे लागतात, तर दोन वेगळ्या रंगांत सातच. एका घराच्या या सैलपणाने सगळा हिशेब बदलतो: एकरंगी कोड्यात चाराच्या गटाची दोन घरे आणि तीनच्या गटाचे एक घर ताबडतोब निश्चित होते, दुरंगीत चाराचे फक्त एक घर ठरते आणि तीनचे एकही नाही. उलट बाजूने रंग स्वतःच माहिती देतात, कारण उभ्या ओळीत लाल आकडाच नसेल तर त्या घरात लाल येणार नाही. या देवाणघेवाणीत कोडे काहीसे सोपे होते, पण वेगळ्या रीतीने सोपे होते.

स्विचवरच्या भागांत घड्याळाचा दंड उरलेला नाही. त्याऐवजी कोडे उघडताना मदतीचे पर्याय मिळतात: सुरुवातीला एक आडवी आणि एक उभी ओळ भरून देणारे फिरते चक्र, ज्या ओळीत आत्ता काही ठरवता येईल तिचे आकडे निळे करून दाखवणारी खूण, आणि चूक लगेच दुरुस्त करणारा पर्याय. मी हे तिन्ही बंद ठेवतो आणि नवशिक्यांनाही पहिल्या वीस-पंचवीस कोड्यांनंतर ते बंद करण्याचा आग्रह करतो. चूक दुरुस्त करणाऱ्या पर्यायापेक्षाही निळे आकडे मला अधिक घातक वाटतात, आणि हे ऐकणाऱ्यांना सहसा पटत नाही. चूक दुरुस्त झाली तरी तर्क तुमचाच असतो. निळा आकडा मात्र 'इकडे पाहा' असे सांगून कोड्यातला सर्वांत मोलाचा शोध, म्हणजे पुढे कुठे पाहायचे हा शोध, परस्पर आटोपून टाकतो. ओळ पूर्ण झाल्यावर आकडा फिका होण्याची सोय तेवढी निरुपद्रवी आहे. तिचा अर्थ 'बरोबर' असा नसतो. भरलेली घरे त्या आकड्याशी जुळतात, इतकाच असतो, आणि हे विसरणारा खेळाडू लवकरच फसतो.

१९९६ मध्ये नोबुहिसा उएदा आणि तादाआकी नागाओ यांनी सिद्ध केले की सर्वसाधारण नॉनोग्राम हे संगणकशास्त्रात 'एनपी-पूर्ण' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गटात मोडते. म्हणजे अशी कोणतीही जाळी झटपट सोडवण्याची हमखास रीत कोणालाही ठाऊक नाही. असे असूनही ज्युपिटरची कोडी एकेका ओळीच्या तर्काने सुटतात, याचे श्रेय रचनाकारांनी पाळलेल्या मर्यादेला आहे. प्रत्येक कोड्याला एकच उत्तर आणि तिथवर जाण्यासाठी अंदाजाची गरज नाही, हा अलिखित करार त्यांनी पाळलेला मला सर्वत्र आढळला. मोबाइलवर फुकट मिळणाऱ्या अनेक नकलांत तो पाळला जात नाही. तिथे शेवटी दोन घरे अशी उरतात की नाणे उडवण्यावाचून गत्यंतर नसते. पैसे द्यायचे ते या करारासाठी.

चित्रांविषयी मात्र फार अपेक्षा ठेवू नये. पंधरा बाय पंधरा घरांत साळिंदर आणि टूथब्रश यांच्यात फारसा फरक राहत नाही, आणि पडद्यावर नाव उमटेपर्यंत आपण काय काढले हे पुष्कळदा कळत नाही. संगीत मंद आणि विसरण्याजोगे आहे, ते तसेच असावे. पहिल्या काही भागांत बोटाने खेळण्याची सोय नव्हती, ती सातव्या भागात आली. बटणांची सवय झाल्यावर तिची उणीव मला जाणवली नाही, कारण बटण दाबून धरून एकदम सात घरे काळी करण्यात बोटाच्या स्पर्शापेक्षा अधिक अचूकपणा आहे.

एकच भाग घ्यायचा तर 'एस ३' किंवा त्यानंतरचा कोणताही घ्यावा. साधी, मेगा, क्लिप आणि रंगीत अशी चारही प्रकारची कोडी त्यात आहेत, आणि नऊच्या नऊ भाग घेण्याची गरज अट्टल खेळाडूलाच वाटेल. थ्रीडीएसचे ऑनलाइन दुकान मार्च २०२३ मध्ये विक्रीसाठी बंद झाल्याने 'ई' मालिका हातची गेली होती. २०२४ च्या 'पिक्रॉस एस+'ने तिच्या पहिल्या भागाची कोडी स्विचवर आणली असून बाकीचे भाग त्यात वेगळे पैसे देऊन जोडता येतात. 'थ्रीडी'च्या दोन्ही भागांना अशी सोय झालेली नाही. ते खेळायचे तर जुने यंत्र आणि जुने कार्ट्रिज शोधावे लागते, आणि म्हणूनच बिजागरीशी तडा गेलेला माझा डीएस मी अद्याप कोणाला दिलेला नाही.